कोरे पत्र आणि बिनतारी लहर
(मुक्ताईनगर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील पाठ)

हौशी रेडिओ, म्हणजे रूढ बोलीतला हॅम रेडिओ, ही सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवलेल्या व्यक्तींनी, कोणताही आर्थिक लाभ न घेता, स्वतःच्या शिक्षणासाठी, तांत्रिक प्रयोगांसाठी आणि परस्परांशी संवाद साधण्यासाठी चालवलेली बिनतारी सेवा होय. आकाशवाणीचे केंद्र एका ठिकाणाहून असंख्य श्रोत्यांकडे बोलते, पण श्रोत्याला उलट बोलता येत नाही. पोलिसांचे किंवा रेल्वेचे बिनतारी जाळे दोन्ही बाजूंनी बोलते, पण ते नेमून दिलेल्या कामापुरते. हौशी केंद्र या दोहोंपेक्षा वेगळे आहे, कारण तेथे बोलणारा, ऐकणारा, यंत्र जुळवणारा आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि पलीकडे कोण भेटेल हे त्याला आधी ठाऊक नसते. या छंदाकडे तरुण का वळत नाहीत, हा प्रश्न जगभरच्या हौशी मंडळांत गेली कित्येक वर्षे चर्चिला जातो आणि त्याचे ठरलेले उत्तर ‘मोबाइल आला म्हणून’ असे दिले जाते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. आणि त्याच्या अर्धेपणामुळे नवागतांना बोलावण्याचे पुष्कळसे प्रयत्न चुकीच्या दारावर जाऊन उभे राहतात.

ते चुकीचे दार म्हणजे उपयुक्ततेचे. हौशी रेडिओचा प्रचार करताना बहुतेक वेळा सांगितले जाते की भूकंप, पूर किंवा वादळ आल्यावर मोबाइलचे मनोरे बंद पडतात आणि तेव्हा हॅमच कामी येतो. हे विधान खरे आहे, किल्लारीच्या १९९३ च्या आणि कच्छच्या २००१ च्या भूकंपात त्याचा प्रत्यय आलेला आहे. परंतु पूर येईल या आशेने बारा वर्षांचे मूल कोणत्याही छंदात शिरत नाही. ते शिरते ते कुतूहलाने, खेळ म्हणून, आणि खेळात प्रावीण्य आल्यावर आपत्तीच्या वेळी उपयोगी पडते. या क्षेत्राचा इतिहास जितका खोलात पाहावा तितका हा क्रम, म्हणजे खेळ आधी आणि उपयोग मागून, पुन्हापुन्हा दिसून येतो.

अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड तरंगलांबीच्या लहरींवर ढकलले गेले, कारण दूरच्या संदेशवहनासाठी लांब लहरीच उपयोगी आणि आखूड लहरी निरुपयोगी, असे त्या काळच्या तज्ज्ञांचे मत होते. पडीक म्हणून दिलेल्या या रानात हौशी लोकांनी जे पेरले ते अनपेक्षितपणे उगवले: डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश अटलांटिकपलीकडे ऐकू आले, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेओं देलोआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे १०० मीटरच्या लहरीवर दुतर्फा संभाषण झाले. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे त्यानंतर लघुलहरींकडे धावली. ज्यांनी ही वाट पाडली त्यांना उपयोगाची चिंता नव्हती. किती लांब ऐकू जाते एवढेच त्यांना पाहायचे होते.

भारतात हा छंद जवळजवळ त्याच सुमारास आला. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ मध्ये पहिले भारतीय हौशी केंद्रचालक ठरले आणि पाठोपाठ मुकुल बोस आले. मुंबईत गियाचंद मोटवाने यांच्या पुढाकाराने रेडिओ क्लब उभा राहिला आणि १९२३ मध्ये त्याने प्रक्षेपणाचे प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे ताब्यात घेतली, तरीही हातातली विद्या जप्त करता येत नाही याचे उदाहरण १९४२ च्या आंदोलनात मुंबईनेच दिले. उषा मेहता यांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपक यंत्र नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतल्या जाणकाराच्या मदतीने तयार झाले, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून केंद्र बंद करेपर्यंत ते जागा बदलत बदलत बोलत राहिले. राजकीय इतिहासात या प्रकरणाची नोंद योग्य प्रकारे झालेली आहे. तांत्रिक इतिहासात मात्र प्रक्षेपक जुळवणे ही गोष्ट शहरातल्या काही छांदिष्टांना येत होती म्हणूनच ते केंद्र शक्य झाले, हा भाग सहसा सांगायचा राहून जातो. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे देशव्यापी हौशी संस्थेचा पाया घातला गेला आणि तीच पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया या नावाने दिल्लीत स्थिरावली.

खेळ आणि उपयोग यांच्या क्रमाचा सर्वांत बोलका दाखला डिसेंबर २००४ चा आहे. अंदमान बेटांवरून हौशी प्रक्षेपण व्हावे यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणाऱ्या दिल्लीच्या भारती प्रसाद त्या महिन्यात सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला पोहोचल्या होत्या. अशा मोहिमेला हॅम मंडळी ‘डीएक्सपिडिशन’ म्हणतात, म्हणजे दुर्मीळ ठिकाणी जाऊन तेथून जगभरच्या केंद्रांना आपल्याशी संपर्क साधण्याची संधी देणे, आणि बाहेरच्या माणसाला तो पोरखेळच वाटावा, कारण प्रत्येक संभाषणात एकमेकांची संकेतनामे आणि आवाजाची प्रत सांगण्यापलीकडे फारसे काही नसते. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली, नेहमीचे दळणवळण तुटले, आणि या खेळासाठी उभारलेल्या तारा व यंत्रे बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा आधार बनली. भारती प्रसाद आपत्तीची पूर्वतयारी म्हणून गेल्या नव्हत्या. पूर्वतयारी खेळाने आपोआप करून ठेवली होती.

याच्या उलट अनुभव जपानचा. तेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोर्स लिपीची अट नसलेला सोपा परवाना सुरू झाला, स्वस्त आणि सुबक यंत्रे बाजारात आली, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हौशी केंद्रांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. पुढे मोबाइल फोन पसरला आणि ही संख्या घसरत घसरत चार लाखांच्या आत आली. मित्रांशी किंवा सहलीतल्या दुसऱ्या गाडीशी बोलायला यंत्र हवे म्हणून ज्यांनी परवाना घेतला होता, त्यांना बोलण्याची अधिक सोपी सोय मिळताच ते निघून गेले. ज्यांना लहरींचेच वेड होते ते राहिले. तेव्हा मोबाइलने हौशी रेडिओचे नुकसान केले असे म्हणण्यापेक्षा, बोलण्याच्या सोयीसाठी आलेल्यांना मोबाइलने परत नेले, असे म्हणणे अधिक नेमके ठरते.

लहरींचे वेड म्हणजे काय, हे मुक्ताईनगरच्या परिसरात समजावून सांगणे इतर कोठल्याहीपेक्षा सोपे आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे स्थान आहे, आणि चौदाशे वर्षांचा तपस्वी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला, मायना कसा घालावा हे न उमजून त्याने कोरा कागदच पाठवला आणि वयाने सर्वांत लहान असलेल्या मुक्ताबाईने त्या कोरेपणावर नेमके बोट ठेवले, ही कथा येथे मुलामुलांना ठाऊक असते. बिनतारी यंत्रातून केवळ वाहक लहर सोडली, म्हणजे ठरावीक वारंवारतेची एकसारखी विद्युतचुंबकीय लहर सोडली, तर ती शेकडो किलोमीटर जाऊन पोहोचते, पण तिच्यात सांगण्यासारखे काही नसते. ते कोरे पत्र होय. त्या लहरीची उंची, वारंवारता किंवा तिचे नुसते असणे-नसणे संदेशाच्या तालावर बदलले की तिच्यावर मजकूर उमटतो, आणि या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. मोर्स हा त्यातला सर्वांत साधा प्रकार, कारण त्यात लहर चालू आणि बंद एवढेच करावे लागते. पोस्टाच्या आणि रेल्वेच्या तारघरातला ‘कडकट्ट’ आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. याच कथेतला दुसरा भाग, म्हणजे वयाने लहान असलेल्याने वयोवृद्धाला शिकवणे, हौशी मंडळांना अधिक झोंबणारा आहे, आणि त्याकडे पुढे वळावे लागेल.

खानदेशाचे आकाशही या कामी समृद्ध आहे. भूपृष्ठापासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे हवेचे कण विद्युतभारित होतात आणि त्या थराला आयनांबर म्हणतात; लघुलहरी त्यावरून वळून पुन्हा जमिनीवर येतात, म्हणूनच त्या क्षितिजापलीकडे पोहोचतात. आयनांबर सर्वत्र सारखे दाट नसते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, तेथले विद्युतभारित कण दिवसा वर उचलले जाऊन उत्तरेला व दक्षिणेला उतरतात, आणि त्यामुळे विषुववृत्तावर नव्हे तर त्याच्या दोन्ही अंगांना आयनांबर सर्वाधिक दाट होते. यातला उत्तरेकडचा दाट पट्टा मध्य भारतावर येतो आणि तापीचे खोरे त्याच्या जवळ आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलोचा उपग्रह याच गोष्टीचे, म्हणजे आयनांबरातील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे, मापन करण्यासाठी होता; त्याचे संकेत हौशी पट्ट्यांतल्या वारंवारतांवर येत असत आणि इतर महाविद्यालयांनीही स्वतःची ग्रहणकेंद्रे उभारून ते टिपावेत अशी ती योजना होती.

‘प्रथम’च्या तीनच महिने आधी, २२ जून २०१६ रोजी, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा म्हणजे सीओईपीचा ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह पीएसएलव्हीच्या सी-३४ या उड्डाणातून गेला, आणि एका हॅमचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणच्या हॅमला पोहोचवणे हेच त्याचे काम ठरवलेले होते. त्याहून आधी, ५ मे २००५ रोजी, इस्रोने ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोचा उपग्रह खास हौशी मंडळींसाठी सोडला होता आणि त्यातली एक यंत्रणा भारतीय बनावटीची तर दुसरी नेदरलँड्समधील विल्यम लायनार या विद्यार्थ्याने बनवलेली होती. महाराष्ट्रातील तरुणांना हौशी रेडिओचे आकर्षण नाही, असे या उदाहरणांनंतर म्हणता येत नाही. खरी अडचण अशी की हे सारे पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थांत घडले आणि जळगाव-धुळ्याच्या शाळकरी मुलाच्या नजरेच्या टप्प्यात एखाद्या छपरावर टांगलेली तारही आली नाही.

तार महाग नसते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ७ मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात, म्हणजे ज्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात त्यात, सर्वांत प्रचलित अँटेना म्हणजे मध्यभागी तोडून केबलला जोडलेली सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार, आणि ती शाळेच्या पाण्याच्या टाकीपासून कडुलिंबाच्या फांदीपर्यंत सहज जाते. ती फार उंच बांधली नाही तर तिची लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून छत्रीसारखी खाली येते, त्यामुळे दिवसा चारशे-पाचशे किलोमीटरपर्यंतचा प्रदेश व्यापला जातो आणि सातपुड्याचा डोंगर मध्ये आला तरी अडत नाही. हातात धरायच्या छोट्या सेटचे असे नाही. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, त्याची लहर दृष्टिरेषेत जाते, आणि केळीच्या बागांमधून चार-सहा किलोमीटरांवर ती क्षीण होते. मात्र तोच सेट सातपुड्यातील पालसारख्या उंच जागी नेला तर खाली पसरलेला रावेर-यावलचा सगळा पट्टा त्याच्या आवाक्यात येऊ शकतो. उंची, तारेची लांबी, दिवसाची वेळ आणि ऋतू यांवर संपर्क अवलंबून असणे ही गैरसोय मोबाइलने संपवली. हौशी रेडिओत मात्र तीच गैरसोय खेळाचा पट असते, आणि नवागताला ती झाकून न ठेवता दाखवली पाहिजे.

कायद्याची वाट कशी आहे हेही सांगणे भाग आहे. भारतात वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, परीक्षा देता येते. तिचे दोन विभाग असतात, एक वीज व रेडिओच्या मूलतत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा. मर्यादित श्रेणीच्या परवान्याला मोर्स लागत नाही आणि त्याची संकेतनामे व्हीयू३ ने सुरू होतात; सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेणे व पाठवणे यावे लागते आणि तिची संकेतनामे व्हीयू२ ने सुरू होतात. आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती २००३ सालीच निघाली, तरी भारताने ती वरच्या श्रेणीसाठी राखली, आणि यावर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मोर्स अवघड असल्यामुळे कोणी थांबत नाही. थांबण्याचे कारण परीक्षा, सुरक्षा पडताळणी आणि परवाना यांच्या दरम्यानची प्रतीक्षा हे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ही प्रतीक्षा फार लांब वाटते. परीक्षा संपेपर्यंत त्याच्या हाती काहीच नसेल तर परवाना येईपर्यंत त्याचा उत्साह मावळलेला असतो, आणि मराठीतून अभ्याससाहित्य फार थोडे असल्याने गावाकडच्या मुलाची वाट आणखी चिंचोळी होते.

म्हणून आरंभ परवान्यापासून नव्हे तर श्रवणापासून व्हावा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते आणि एका ठिकाणच्या आकाशात फार तर दहा मिनिटे राहते. त्यावरील हौशी केंद्राचे संकेत १४५.८ मेगाहर्ट्झवर येतात आणि अधूनमधून त्या लहरीवरून चित्रेही पाठवली जातात. संगणकाला जोडायच्या टीव्ही ट्यूनरच्या छोट्या तुकड्यातून आणि घरी वाकवलेल्या तारेच्या अँटेनातून ती पकडता येतात, आणि स्थानक जवळ येताना वारंवारता किंचित चढलेली व दूर जाताना उतरलेली दिसते, तेव्हा पाठ्यपुस्तकातला डॉप्लर परिणाम मुलांच्या डोळ्यांसमोर घडतो. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी जुलै २०२५ मध्ये याच हौशी व्यवस्थेतून भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता. उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाचे ढग जमू लागले की, ७ मेगाहर्ट्झवर दूरच्या विजांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. ज्या तापीतीरी मेहूण येथे मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या असे परंपरा सांगते, त्या तीरावरच्या मुलांना शंभर कोसांवरची वीज कानांनी ओळखता येणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. केळी आडवी करणाऱ्या वादळाआधी तो खडखडाट कसा वाढत जातो याची नोंद एखाद्या शाळेने सलग दोन-तीन हंगाम ठेवली, तर ती शेतकऱ्यालाही वाचावीशी वाटेल.

नवागत म्हणजे केवळ शाळकरी मुले, असे समजण्याची चूकही टाळली पाहिजे. तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारा, मोटार रिवायंडिंग करणारा किंवा आयटीआयमधून वीजतंत्री होऊन बाहेर पडलेला तरुण डाग देण्याच्या कलेत अनेक पदवीधरांपेक्षा सरस असतो, आणि त्याला नियमांच्या भागाखेरीज फारसे नवे शिकावे लागत नाही. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे असल्याने तेथल्या निवृत्तांपैकी ज्यांनी तारयंत्रावर काम केले आहे असे थोडे वृद्ध अजूनही सापडावेत, आणि त्यांच्याइतका मोर्सचा शिक्षक पुस्तकात मिळणार नाही. पण त्यांच्याकडून बोटांचा ताल शिकणाऱ्या मुलीनेच त्यांना संगणकावरून चालणारी एफटी-८ ही पद्धत शिकवावी. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँकी यांच्यासह ती २०१७ मध्ये आणली, आणि कानाला ऐकूही न येणारा क्षीण संकेत तीत वाचता येतो. जुनी मंडळी अशा पद्धतीला ‘हा काही खरा रेडिओ नव्हे’ म्हणून नाक मुरडतात. लघुलहरींना निरुपयोगी ठरवणाऱ्या १९१२ च्या तज्ज्ञांचे म्हणणे यापेक्षा फार वेगळे नव्हते, आणि कोरे पत्र पाठवणाऱ्या योग्याने निदान लहानगीचे म्हणणे ऐकून घेतले होते.

स्काउट चळवळीतील मुले १९५८ पासून दरवर्षी हवेतल्या लहरींवरून एकमेकांना भेटतात आणि त्या मेळ्याला ‘जोटा’ म्हणतात. युरोपातील हौशी संघटनांनी २०११ पासून तरुणांची स्वतंत्र शिबिरे सुरू केली. ही उदाहरणे चांगली असली तरी तशीच उचलून आणण्याची गरज नाही, कारण या परिसरात त्याहून अस्सल निमित्त दरवर्षी उपलब्ध होते. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, महिनाभराहून अधिक काळ चालते, आणि ही दोन्ही स्थाने सरळ रेषेत चारशे किलोमीटरांच्या आत आहेत, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या वर जाऊन छत्रीसारख्या उतरणाऱ्या लहरीच्या टप्प्यात पूर्णपणे येतात. परवानाधारक दोन-तीन चालकांनी, घराबाहेरून केंद्र चालवण्यासंबंधीच्या परवान्यातील अटी पाळून, दिंडीबरोबर चालावे आणि प्रत्येक मुक्कामी दोन बांबूंवर तार बांधून ठरल्या वेळी हाक द्यावी. मुक्ताईनगरच्या शाळेत विद्यार्थ्यांनी ती ऐकावी. मध्ये कोणाचा निरोप पोहोचवायचा नाही, कारण हौशी परवान्यात सामान्य काळी तिसऱ्या माणसाचे निरोप नेण्याची मुभा नसते. फक्त आवाजाची प्रत सांगायची आणि ती उलट ऐकायची. ज्येष्ठ-आषाढाच्या दिवसांत, पाऊस असताना आणि नसताना, सकाळी आणि दुपारी, साठ किलोमीटरांवर, दोनशेंवर आणि साडेतीनशेंवर तो आवाज कसा येतो, याची वही तयार होईल. तापीवरील हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडण्याची वेळ येते ती याच्या पुढच्याच महिन्यांत, आणि तेव्हा तापीकाठच्या कोणत्या गावाहून कोणत्या वेळी तालुक्याशी बोलता येते हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

अशा वहीत एक रकाना ‘ऐकू आले नाही’ यासाठीही आखलेला असावा आणि तो प्रामाणिकपणे भरला जावा. ज्या दिवशी हाक आलीच नाही त्या दिवशी आयनांबरात काय घडले होते, का दिंडीतल्या चालकाची तार नुसतीच ओल्या फांदीला चिकटली होती, हे शोधण्यात शाळेचा एखादा आठवडा जाईल.